खिडकीवरचे साहेब भले होते: इंदूरमधील एलटीव्ही आणि नागरिकत्वाच्या सेवेविषयी

इंदूरमध्ये आमच्या शेजारी राहणारे सिंधी कुटुंब २०१३ साली पाकिस्तानातील घोटकी जिल्ह्यातून आले. तेव्हा थार एक्स्प्रेस सुरू होती. आठवड्यातून एकदा निघणाऱ्या त्या गाडीने खोखरापार आणि मुनाबावच्या मधली सीमा ओलांडून आजी, त्यांचा थोरला मुलगा, सून आणि लहान नात जोधपूरला उतरले आणि तेथून नातलगांच्या आधाराने इंदूरला पोहोचले. धाकटा मुलगा बायकोला आणि सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन २०१७ साली आला; पुढे ऑगस्ट २०१९ मध्ये ती गाडीच बंद झाली. मी बँकेतून निवृत्त झालेली, अर्ज आणि पावत्यांमध्ये आयुष्य गेलेली बाई असल्यामुळे या कुटुंबाचे कागद हळूहळू माझ्या जेवणाच्या टेबलावर येऊ लागले, आणि गेली कित्येक वर्षे मी त्यांच्याबरोबर निरनिराळ्या खिडक्यांसमोर उभी राहिले आहे. दीर्घकालीन व्हिसा, ज्याला त्या रांगेत सगळे एलटीव्ही म्हणतात, आणि त्यानंतरची नागरिकत्वाची प्रक्रिया, या दोन सेवांविषयीचा माझा अभिप्राय येथे लिहिते. कोणत्याही कचेरीचे नाव मी देणार नाही. ही कामे शहरात एकाहून अधिक ठिकाणी होतात, आणि माझी तक्रार टेबलावर बसलेल्या माणसांपेक्षा त्यांच्या हाती दिलेल्या कायद्याविषयी अधिक आहे.

आधी चांगले ते सांगते, कारण ते खरोखरच चांगले आहे. आजी पहिल्यांदा खिडकीपाशी गेल्या तेव्हा साहेबांनी उठून त्यांना खुर्ची दिली, त्यांचे बोलणे सुनेकडून समजून घेतले आणि अर्जातील चूक स्वतःच्या हाताने दाखवून दिली. आवाज चढवलेला मी एकदाही ऐकला नाही. सोयही पूर्वीपेक्षा वाढली आहे. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्र सरकारने मोजक्या जिल्ह्यांच्या कलेक्टरांना पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि बांगलादेशातून आलेल्या हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी आणि ख्रिस्ती अर्जदारांना नागरिकत्व देण्याचे अधिकार दिले. मध्य प्रदेशात इंदूर आणि भोपाळ, तर महाराष्ट्रात नागपूर, मुंबई, पुणे आणि ठाणे हे जिल्हे त्यात होते. त्यामुळे ज्या फायली दिल्लीच्या वाटेवर वर्षानुवर्षे पडून राहत, त्यांचा निर्णय गावातल्या गावात होऊ शकला. त्याच वर्षी एलटीव्हीवर राहणाऱ्यांना बँकेत खाते उघडणे, पॅन, आधार आणि वाहन चालवण्याचा परवाना काढणे, राहण्यापुरते घर घेणे, राज्यात मोकळेपणाने फिरणे अशा सवलती मिळाल्या. ज्या व्हिसावर शहरांची नावे लिहिलेली असतात आणि शेजारच्या जिल्ह्यात लग्नाला जायचे तरी पोलिसांना विचारावे लागते, त्या व्हिसावर जगलेल्या माणसाला राज्यभर फिरण्याची मुभा काय वाटते, हे मी थोरल्याच्या चेहऱ्यावर पाहिले आहे. थोरल्याने खाते उघडले त्या दिवशी पासबुक आमच्या देवघरात आणून ठेवले होते.

आजींना आणि थोरल्याला प्रमाणपत्र मिळाले, सुनेला मात्र कितीतरी उशिरा. अडले ते कागदांवर. सिंध प्रांतात हिंदू विवाहाच्या नोंदणीचा कायदा २०१६ साली झाला. त्याआधी ज्यांची लग्ने लागली त्यांच्यापाशी पंडिताचे तोंडी आशीर्वाद आणि दोनचार छायाचित्रे यांपलीकडे काही नसते. आमच्या सुनेला विवाहाचा दाखला मागितला गेला तेव्हा तिने मला विचारले, "ताई, तिकडच्या सरकारने जो कागद कधी छापलाच नाही, तो मी आणू कुठून?" याला मी उत्तर देऊ शकले नाही, आणि खिडकीवरच्या साहेबांनाही ते देता आले नाही. पारपत्राची गोष्ट त्याहून कठीण होती. नोंदणीच्या जुन्या मार्गाने अर्ज करताना पाकिस्तानी पारपत्र चालू मुदतीचे लागे, म्हणजे ज्या देशाच्या भीतीने घर सोडले त्याच देशाच्या दिल्लीतील उच्चायोगात जाऊन, पैसे भरून, पुन्हा त्याच देशाचे पारपत्र मागून घ्यायचे. आश्रय मागणाऱ्याला त्याच्या छळकर्त्या राज्याच्या दारात पाठवू नये, ही या विषयातील अगदी प्राथमिक गोष्ट आहे. मार्च २०२४ मध्ये नागरिकत्व सुधारणा कायद्याचे नियम आले तेव्हा त्यांत मुदत संपलेले कागदही चालतील असे स्पष्ट लिहिले गेले. कायद्याने पाच वर्षांचे वास्तव्य पुरेसे मानले होते. अर्जाची छाननी करणाऱ्या जिल्हा समितीच्या प्रमुखपदी नियमांनी डाक खात्याचा अधिकारी बसवला. त्या कायद्याविषयी मला जे आक्षेप आहेत ते पुढे लिहिते. परंतु मुदत संपलेला कागद मान्य करणारी ती एक ओळ ज्याने लिहिली, त्याला रांगेतील माणसाचे दुःख ठाऊक होते, हे मी मान्य करते. सुनेचे काम त्या ओळीमुळे झाले.

भाषेचा प्रश्न मात्र कोणी सोडवलेला नाही. सिंधी भाषा १९६७ पासून आपल्या राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, त्यामुळे भारतीय भाषा येते की नाही या अटीत आजी आपल्या मातृभाषेवरच उत्तीर्ण होतात. तरीही त्यांचे जुने कागद अरबी वळणाच्या सिंधी लिपीत, काही उर्दूत, आणि ते वाचून दाखवणारा अधिकृत माणूस खिडकीवर नाही. भाषांतर बाहेरून करून आणावे लागते. बाहेर बसलेल्या एका मध्यस्थाने दोन पानांच्या भाषांतराचे, शपथपत्राचे आणि नोटरीचे मिळून इतके पैसे घेतले की तेवढ्यात त्या घराचा महिन्याचा किराणा आला असता, आणि वर आडनावाचे स्पेलिंग चुकवले. त्या एका अक्षरासाठी पुन्हा शपथपत्र, पुन्हा पोलीस पडताळणी. याउलट समाजाच्या धर्मशाळेतील एका खोलीत काही तरुण संध्याकाळी विनामूल्य अर्ज भरून देतात. त्यांचे काम नेटके आहे, झेरॉक्सचे पैसेसुद्धा घेत नाहीत. ज्यांना मदत हवी असेल त्यांनी मध्यस्थाकडे जाऊ नये. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रिया, मुले आणि कोठडीतील व्यक्ती यांना कायदेशीर मदत विनामूल्य मिळते, आणि त्या कलमात नागरिक असण्याची अट नाही.

आता धाकट्याकडे येते. नागरिकत्व सुधारणा कायदा ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्यांसाठी आहे आणि हा २०१७ साली आला, म्हणून त्याचा मार्ग जुनाच राहिला: भारतीय वंशाची व्यक्ती म्हणून सात वर्षांच्या वास्तव्यानंतर नोंदणी. भारतीय वंशाची व्यक्ती म्हणजे कोण, तर जी स्वतः किंवा जिच्या आईवडिलांपैकी एक जण अविभाजित भारतात जन्मला. आजी १९४४ च्या, म्हणून धाकटा या व्याख्येत बसतो. त्याचा मुलगा २००१ चा. त्याचे आईवडील फाळणीनंतर तीस वर्षांनी जन्मले, म्हणून तो बसत नाही. आईवडिलांची नोंदणी झाली की त्यांचा मुलगा म्हणून त्याला अर्ज करता येईल, तोवर त्याचा अर्जच उभा राहत नाही. हा नियम केला तेव्हा सर्वांचे आईवडील अविभाजित भारतातच जन्मलेले होते, त्यामुळे तो सरळ वाटला असणार. आज ती पिढी ऐंशीच्या घरात आहे. घोटकीहून उद्या जो तिशीतला माणूस बायकोमुलांसह येईल, त्याच्या पाठीशी १९४७ पूर्वीची आई नसेल, आणि मग त्याला सर्वसाधारण देशीयकरणाच्या, म्हणजे केवळ दीर्घ वास्तव्याच्या आधारे नागरिकत्व मिळवण्याच्या, रांगेत बारा वर्षे काढावी लागतील. भीती तीच, धर्म तोच, गाव तेच. केवळ आईवडील १९४७ नंतर जन्मले म्हणून रांग पाच वर्षांनी लांब होणार. छळाची भीती हा आश्रयाचा पाया मानण्याऐवजी आपण जन्मसाल आणि आगमनाची तारीख हा पाया मानला, याचा हा परिणाम आहे.

तारखेची अशीच गोष्ट थोरल्याच्या दुसऱ्या मुलीची. ती २०१५ साली इंदूरच्या रुग्णालयात जन्मली, इथल्याच बालवाडीत गेली आणि घरात माझ्याशी मराठीत बोलते. परंतु ३ डिसेंबर २००४ नंतर जन्मलेल्या मुलाला आईवडिलांपैकी एक भारतीय नागरिक असल्याशिवाय जन्माने नागरिकत्व मिळत नाही, आणि तेव्हा तिचे आईवडील एलटीव्हीवर होते. ज्या देशात तिने पाऊलही ठेवलेले नाही त्या देशाची म्हणून तिची नोंद झाली. आता आईवडिलांमागून तिची नोंदणी होत आहे, आणि तिच्या अर्जात जन्मस्थळापुढे इंदूर लिहिताना माझा हात थोडा थांबला होता.

या सेवेतील माझी मुख्य तक्रार आता लिहिते. धाकट्याच्या अर्जावर काय चालले आहे, हे कोणीही लेखी सांगत नाही. "वर गेली आहे", "पडताळणी यायची आहे", "पुढच्या महिन्यात या" ही तीन वाक्ये आम्ही प्रत्येक वेळी ऐकतो, आणि ती फार सौजन्याने सांगितली जातात. मी आधी समजत होते की ही त्या टेबलाची सवय असेल. मग नागरिकत्व कायदा काढून वाचला. १९५५ च्या त्या कायद्याच्या चौदाव्या कलमात लिहिले आहे की नोंदणीचा किंवा देशीयकरणाचा अर्ज मान्य करायचा की फेटाळायचा हे अधिकाऱ्याच्या स्वेच्छेवर आहे आणि त्याची कारणे देणे त्याच्यावर बंधनकारक नाही. पंधराव्या कलमाखाली तीस दिवसांत केंद्र सरकारकडेच पुनर्विचाराचा अर्ज करता येतो, आणि याखेरीज त्या निर्णयाला कोणत्याही न्यायालयात आव्हान देता येणार नाही. उच्च न्यायालयाचा घटनात्मक अधिकार यामुळे संपत नाही हे खरे, परंतु कापडाच्या दुकानात हिशेब लिहिणारा माणूस कारणच माहीत नसलेल्या निर्णयाविरुद्ध याचिका कशाच्या आधारावर लिहिणार? माहितीच्या अधिकारात विचारावे म्हटले, तर २००५ च्या त्या कायद्याचे तिसरे कलम हा अधिकार फक्त नागरिकांना देते. म्हणजे ज्याला आपली फाईल कुठे आहे हे विचारण्याची सर्वांत जास्त गरज आहे, त्यालाच विचारण्याचा अधिकार नाही; आणि मी नागरिक म्हणून विचारले तर ती दुसऱ्याची वैयक्तिक माहिती ठरते.

मध्य प्रदेशात राहणाऱ्याला हे अधिकच खुपावे. २०१० साली आपल्या राज्याने लोकसेवा हमीचा कायदा केला, आणि असा कायदा करणारे हे देशातील पहिले राज्य होते. त्यात ठरलेल्या सेवांना दिवसांची मुदत आहे, अर्ज देताच पावती आहे, मुदत उलटली तर पहिले आणि दुसरे अपील आहे, आणि विनाकारण उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त ५,००० रुपये दंड आहे. लोकसेवा केंद्रातून माझ्या भाचीने रहिवासी दाखला काढला तेव्हा पावतीवर मिळण्याची तारीख छापलेली होती, आणि त्याच तारखेला दाखला हातात आला. न्याय्य आश्रय व्यवस्थेसाठी जे लागते ते नेमके हेच: पावती, मुदत, लेखी कारण आणि वरच्या, वेगळ्या अधिकाऱ्याकडे अपील. हे आपल्याला करता येते. रहिवासी दाखल्यासाठी आपण ते केले आहे. ज्या कागदावर एका घराचे सगळे आयुष्य टांगलेले आहे त्यासाठी केलेले नाही, एवढेच.

हे टांगलेपण मी २०२५ च्या एप्रिलमध्ये पाहिले. पहलगामचा हल्ला झाला, आणि दोनच दिवसांत पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा २७ एप्रिलपासून रद्द होत असल्याची घोषणा झाली. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना दिलेले एलटीव्ही कायम राहतील असे परराष्ट्र मंत्रालयाने लगेच स्पष्ट केले. पण धाकट्याच्या एलटीव्हीची मुदत फेब्रुवारीत संपली होती, नूतनीकरणाचा अर्ज दिलेला होता आणि हातात होती ती फक्त एक पावती. दिलेला व्हिसा कायम, मग मागितलेला व्हिसा? ते चार दिवस त्याने मुलाला दुकानात पाठवले नाही. आजी, ज्या स्वतः नागरिक झाल्या होत्या, त्या आपले प्रमाणपत्र उशाखाली ठेवून झोपत. खिडकीवरच्या साहेबांनी स्वतःहून दूरध्वनी करून "घाबरू नका" सांगितले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. तरीही एखाद्याने देशात राहावे की नाही हे एका भल्या माणसाच्या दूरध्वनीवर अवलंबून असू नये. उद्या त्यांची बदली होईल.

आणि तरीही हे कुटुंब नशीबवान म्हणावे लागेल, कारण त्याच्यासाठी निदान खिडकी आहे. आमच्या ओळखीच्या एका घरात एक अफगाण विद्यार्थी भाड्याने राहत असे. ऑगस्ट २०२१ मध्ये काबूल तालिबानच्या हाती पडल्यावर तो माझ्याकडे आला आणि आश्रयाचा अर्ज इंदूरमध्ये कुठे करायचा हे त्याने विचारले. तो मुसलमान होता, त्यामुळे नागरिकत्वाच्या नव्या तरतुदी त्याला लागू नव्हत्या; तो हजारा, म्हणजे तालिबानने छळलेल्या शिया अल्पसंख्याक समाजातील होता, त्यामुळे त्याची भीती खरी होती. भारताने १९५१ च्या निर्वासितविषयक करारावर सही केलेली नाही आणि देशात आश्रयाचा स्वतंत्र कायदाही नाही. गृह मंत्रालयाने २०११ साली एक कार्यपद्धती घालून दिली होती, जिच्यात वंश, धर्म, लिंग, राष्ट्रीयत्व किंवा राजकीय मत यांमुळे छळाची रास्त भीती असलेल्या परदेशी व्यक्तीला एलटीव्ही देण्याची आणि खासगी नोकरी व शिक्षणाची मुभा देण्याची सोय आहे. तिची भाषा वाचली तर ती चांगली आहे. परंतु ती प्रशासकीय सूचना आहे, तिच्या आधारे अर्जदाराला हक्क सांगता येत नाही. त्या मुलाला शेवटी दिल्लीला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाचे दार ठोठवावे लागले, आणि त्या कार्यालयाच्या ओळखपत्राला आपल्या कायद्यात निश्चित स्थान नाही. २०२५ साली परदेशी व्यक्तींविषयीचे चार जुने कायदे मोडून एक नवा कायदा आला, आणि त्याखालील आदेशाने तीन देशांतील सहा धर्मांच्या, ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत आलेल्या लोकांना कागदांअभावी होणाऱ्या कारवाईतून सूट मिळाली. पण त्या कायद्यातही निर्वासित म्हणजे कोण याची व्याख्या नाही.

न्यायालयांनी ही पोकळी काही अंशी भरली. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने अरुणाचलात निर्वासित म्हणून आलेल्या चकमा समाजाच्या प्रकरणात सांगितले की जीविताचे संरक्षण प्रत्येक व्यक्तीला आहे, केवळ नागरिकाला नाही. १९९८ साली गुजरात उच्च न्यायालयाने दोन इराकी निर्वासितांच्या प्रकरणात, जिथे जिवाला धोका आहे तिथे माणसाला परत ढकलू नये हे तत्त्व घटनेच्या एकविसाव्या कलमातच आहे असे म्हटले. मात्र एप्रिल २०२१ मध्ये रोहिंग्यांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने, परत न पाठवले जाण्याचा हक्क देशात राहण्याच्या हक्काशी जोडलेला असून तो नागरिकांपुरता आहे, असे मत देऊन त्यांना तात्पुरते संरक्षण नाकारले. म्हणजे कोणत्या न्यायालयात, कोणत्या वर्षी, कोणाचे प्रकरण उभे राहते यावर सगळे ठरते. २०१५ साली शशी थरूर यांनी लोकसभेत आश्रय विधेयक खासगी विधेयक म्हणून मांडले होते. त्यात अर्ज, सुनावणी आणि अपील यांची व्यवस्था होती. ते संमत झाले नाही.

सुरक्षेची काळजी खोटी आहे असे मी म्हणत नाही. सीमेपलीकडून येणाऱ्या प्रत्येकाची पडताळणी व्हावी, आणि ज्याचा दावा खोटा ठरेल त्याला नकारही द्यावा. तो लवकर द्यावा. पण न्याय्यपणामुळे काम रेंगाळते हा समज चुकीचा आहे. स्वित्झर्लंडने मार्च २०१९ पासून आश्रयार्थीला पहिल्या दिवसापासून सरकारी खर्चाने कायद्याचा सल्ला द्यायला सुरुवात केली आणि त्याबरोबरच सरळ प्रकरणांची अपिलासह १४० दिवसांची मुदत ठरवली. कारण उघड आहे: कागद पहिल्याच वेळी नीट लागले तर फाईल मागे फिरत नाही. कॅनडात प्रत्येक आश्रयार्थीचे म्हणणे समोर बसवून ऐकले पाहिजे हा निर्णय ४ एप्रिल १९८५ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने दिला, आणि तो मिळवणाऱ्या अर्जदारांत बहुतेक जण भारतातून गेलेले शीख होते. आपल्या लोकांनी परदेशात मिळवलेला हा हक्क आपल्या दारात आलेल्यांना देण्यात कोणती अडचण आहे, हे मला कळत नाही.

वागणुकीसाठी मी या सेवेला पाचपैकी साडेचार गुण देते, धर्मशाळेतील तरुणांना पाच. कागदांच्या व्यवस्थेला तीन, तेही २०२४ च्या त्या एका ओळीमुळे. कारण, मुदत आणि अपील यांसाठी एकही गुण देता येत नाही.

धाकट्याला पुढच्या सोमवारी अकरा वाजता बोलावले आहे. या वेळी मी त्याच्यासाठी साध्या कागदावर दोन प्रश्नांचा अर्ज लिहून दिला आहे: फाईल आज कोणाकडे आहे, आणि कोणता कागद कमी आहे. दोन प्रती केल्या आहेत. एकीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन मगच आम्ही तेथून उठणार आहोत. आजींनीही येण्याचा हट्ट धरला आहे, म्हणून रिक्षा दहालाच सांगितली आहे.